उंची झपाट्याने वाढतेय आणि जमलेलं जिम्नॅस्टिक्स सुटतंय: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेबारा वर्षांची. सहाव्या वर्षापासून आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स करते, राज्य स्पर्धेपर्यंत गेलेली आहे. गेल्या दहा महिन्यांत तिची उंची 142 वरून 149 सेंमी झाली आणि वजन 34 वरून 39 किलो. बीमवरची (उंचावरच्या अरुंद पट्टीवरची) फ्लिक, म्हणजे मागे हातांवर घ्यायची उलटी उडी, गेली. बार्सवरची किप, म्हणजे लटकून झोक्याने बारवर चढणं, कधी लागते कधी नाही. गुडघ्याच्या खाली दुखतं. सर म्हणतात वजन वाढलंय, भात बंद करा. मुलगी घरी येऊन रडते, "मला आता काहीच येत नाही" म्हणते. पाळी अजून सुरू झालेली नाही. दोन महिन्यांवर निवड चाचणी आहे. आई विचारतात की काही महिने क्लास बंद ठेवावा, की तास वाढवून सुटलेलं परत बसवून घ्यावं?

ताई, दोन्ही नको. बंद केलंत तर ताकद आणखी मागे पडेल आणि मैत्रिणीही सुटतील. तास वाढवलेत तर ज्या हाडांना सध्या सगळ्यात जास्त जपायला हवं, त्यांच्यावरच मार बसेल. हॉलमध्ये येणं चालू ठेवा आणि कसरतींची काठिण्यपातळी काही महिन्यांसाठी खाली आणा. मुलींना शिकवताना मी वर्षानुवर्षं हेच करत आले आहे. पण तसं का, हे तुम्हालाही कळायला हवं आणि तिलाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमचेच आकडे घेऊ. उंची 142 ची 149 झाली, म्हणजे जवळपास 5 टक्के वाढली. शरीर सगळ्या बाजूंनी त्याच प्रमाणात वाढलं असं धरलं, तर वजन साधारण 15 टक्क्यांनी वाढायला हवं. 34 किलोचे 39 किलो आणि वर थोडं. तुमच्या मुलीचं वजन 39 आहे. म्हणजे सरांना जे "वाढलेलं वजन" वाटतंय, ते तिच्या उंचीचंच वजन आहे, फाजील काहीही नाही. हा ढोबळ हिशोब आहे, पण भात बंद करण्याआधी प्रत्येक पालकाने आणि प्रशिक्षकाने तो एकदा करून बघावा असं मला मनापासून वाटतं.

याच हिशोबात तिची अडचणही दिसते. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर अवलंबून असते, ती याच प्रमाणात 10 टक्क्यांच्या आसपास वाढते. उचलायचं वजन 15 टक्के जास्त आणि ताकद 10 टक्केच जास्त. शिवाय हवेत शरीर फिरवायला लागणारा जोर उंचीबरोबर फार वेगाने वाढतो, तो इथे 25 टक्क्यांहून थोडा अधिक भरतो. हातात एक वीतभर काठी धरून फिरवा आणि मग तेवढीच जाड पण लांब काठी फिरवून बघा, मनगटाला लगेच कळेल. तीच फ्लिक, तीच समरसॉल्ट आता तिला खरोखरच जड झाली आहे. तिने आळस केलेला नाही, तिचं लक्षही उडालेलं नाही.

त्यात वाढ सगळीकडे एकाच वेळी होत नाही. आधी पावलं वाढतात (चपलेचा नंबर बदलला की आम्ही सावध होतो), मग पाय लांब होतात, धड नंतर वाढतं. स्नायू भरणं आणि ताकद येणं हे उंचीच्या मागून येतं, कित्येकदा सहा महिने ते वर्षभराने. मुलींमध्ये उंची वाढण्याचा सगळ्यात जोराचा काळ सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो आणि तेव्हा वर्षाला साधारण 8 सेंमी वाढ होते. नियमित जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींमध्ये तो बऱ्याचदा थोडा उशिरा येतो. पहिली पाळी साधारण त्यानंतर वर्षभराने. तुमची मुलगी अगदी त्या जोराच्या टप्प्यात आहे असं आकड्यांवरून दिसतं. हा वेग कायम राहत नाही, वर्ष-दीड वर्षात तो उतरतो.

आता हॉलमध्ये प्रत्यक्ष काय बिघडतं ते सांगते, कारण "जमत नाही" या एका वाक्याखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्यातल्या काहींवर अगदी साधे इलाज आहेत.

व्हॉल्टचं, म्हणजे धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीचं, उदाहरण घ्या. एक मुलगी धावत यायची आणि स्प्रिंगबोर्डच्या अलीकडे पाय अडखळल्यासारखी थांबायची. सगळ्यांचं मत झालं की ती घाबरते. तिच्या बाजूने चालत मी फक्त पावलं बघितली. पाय लांब झाल्यामुळे तिची प्रत्येक ढांग थोडी मोठी पडत होती आणि सुरुवातीची खूण मात्र जुन्याच जागी होती. त्यामुळे शेवटचं पाऊल बोर्डाच्या फार जवळ पडायचं आणि ती आपोआप आखडायची. आम्ही टेप धरून खूण मागे सरकवली, तिला नुसतं धावायला लावलं, उडी नाही. धाव बसली, मग उडी आली. भीती होती, पण ती चुकीच्या मापातून आली होती. तुमच्या मुलीच्या खुणा शेवटच्या कधी मोजल्या, हे सरांना जरूर विचारा.

बीम 5 मीटर लांब आणि 10 सेंमी रुंद, तो काही वाढत नाही. सलग दोन फ्लिक मारणाऱ्या मुलीला आता प्रत्येक फ्लिकला जास्त लांबी लागते. सुरुवात जुन्याच जागेवरून केली तर दुसऱ्या फ्लिकला बीम संपत आल्यासारखा वाटतो आणि ती मधेच आखडते. हात टेकण्याची जागा मेंदूला पाठ असते, ती जुन्या शरीराच्या मापाने. मागे बघता येत नाही अशा कसरतीत, म्हणजे फ्लिकसारख्या, गोंधळ सगळ्यात जास्त होतो. म्हणूनच बहुतेक मुलींची आधी बीमवरची फ्लिकच जाते.

बार्सवर पाय लांब झाले की खालच्या बारला लागायला लागतात. दोन बार्समधलं अंतर वाढवता येतं, पण आपल्याकडे एकाच बारवर दहा मुली सराव करतात आणि प्रत्येकीसाठी अंतर बदलायचा कंटाळा केला जातो. तो कंटाळा करू नये. दुसरी गोष्ट हातातल्या ग्रिप्सची, म्हणजे पंजावर बांधायच्या चामडी पट्ट्यांची. हाताचा पंजा वाढला की जुने ग्रिप्स आखूड पडतात, बोटं नीट वळत नाहीत आणि पकड बिघडते. उलट "पुढे वाढेल" म्हणून मोठ्या मापाचे घेतले किंवा जुने ताणून लांब झाले, तर चामडं बारवर दुमडून अडकू शकतं आणि मनगट मोडतं. ग्रिप्स आजच तपासा. किप कधी लागते कधी नाही, याचं कारण निम्म्या वेळा ताकद असते, पण अधूनमधून ते ग्रिप्समध्येच सापडतं.

सरावाचं काय करायचं? बीमवरची फ्लिक पुन्हा पहिल्यापासून चढवायची. आधी फ्लोअरवरच्या रेघेवर, मग जमिनीलगतच्या बीमवर, मग उंच बीमवर दोन्ही बाजूंना मॅटचे थर रचून, आणि मग एकेक थर कमी करत. एका पायरीवर ती कंटाळेपर्यंत स्वस्थ झाली की पुढची. ज्या मुलीने हे एकदा शिकलेलं आहे तिला दुसऱ्यांदा शिकायला पहिल्याइतका वेळ लागत नाही, फक्त घाई करायची नाही. "एकदा मार, भीती जाईल" असं म्हणून उंच बीमवर ढकललेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यातल्या काहींची भीती कायमची बसली.

अवघड कसरती कमी केल्याने वाचलेला वेळ ताकदीला द्यायचा. हॉलो होल्ड (पाठीवर पडून खांदे आणि पाय उचलून धरणं), बारला लटकून पाय वर, एका पायावरचे स्क्वॉट, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, पोटऱ्या, खांदे. आणि उडीवरून उतरणं पुन्हा शिकवायचं: गुडघे आत न पडता, पावलांच्या रेषेत, आवाज न करता. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटच्या (हाडांना हाडं जोडणाऱ्या बंधाच्या) दुखापती वाढतात, त्याआधीच ही सवय लागलेली बरी. हँडस्टँडची रेषा, नृत्याचे भाग, उड्यांमधली सफाई, पायांची ताणलेली बोटं, हे सगळं या काळात सुधारतं आणि स्पर्धेत त्याला गुण असतात. लांब पाय बीमवर फार सुंदर दिसतात, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून बसणं) कमी झाली म्हणून कुणाला तिच्या पाठीवर किंवा मांडीवर बसू देऊ नका. ओढून-दाबून बसवलेली स्प्लिट या वयात मांडीचा मागचा स्नायू जिथे जोडलेला असतो त्या बैठकीच्या हाडाचा तुकडा ओढून काढू शकते. स्वतःच्या ताकदीने, रोज थोडं थोडं, शरीर गरम झाल्यावर.

आता दुखण्याबद्दल. हे मी सगळ्यात काळजीपूर्वक लिहिते आहे.

वाढत्या हाडांच्या टोकांना कूर्चेचे पट्टे असतात, वाढ तिथेच होते. मोठ्यांमध्ये जिथे लिगामेंट ताणलं जातं, तिथे मुलांमध्ये हा पट्टाच आधी दुखावतो, कारण तो जास्त नाजूक असतो. हाडाची लांबी आधी वाढते आणि त्यात खनिज भरणं काही महिने मागे राहतं, त्यामुळे याच काळात मनगटाची हाडंही सहज मोडतात.

गुडघ्याच्या वाटीखाली जे उंचवट्याचं हाड हाताला लागतं, तिथे दाबून दुखत असेल, उड्या मारल्यावर वाढत असेल, तर बहुधा तो ऑसगूड-श्लॅटर असतो. मांडीचा मोठा स्नायू त्या जागी वाढीच्या पट्ट्याला ओढत राहतो. टाचेला असंच होतं, त्याला सेव्हर्स म्हणतात. दोन्ही त्रास वाढ थांबल्यावर बहुतेक मुलांमध्ये शमतात आणि पूर्ण विश्रांतीची सहसा गरज नसते. तिला विचारा: दहापैकी किती दुखतं? तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं वाटत असेल तर सराव चालू. त्याहून जास्त असेल, किंवा सकाळी लंगडत असेल, तर उड्या आणि कडक मॅटवरचं उतरणं त्या आठवड्यात बंद, बार्स आणि ताकद चालू. सरावानंतर बर्फ लावल्याने आराम पडतो.

मनगट आणि कंबर मात्र वेगळी. जिम्नॅस्टिक्समध्ये मनगटावर अख्ख्या शरीराचं वजन येतं. हातावर भार घेतला की मनगट दुखतं आणि दोन आठवडे झाले तरी जात नाही, असं असेल तर मनगटाच्या वाढीच्या पट्ट्याला ताण बसलेला असू शकतो. पट्टी बांधून सराव चालू ठेवण्याची ही जागा नाही. दुर्लक्ष झालं तर अंगठ्याकडच्या बाजूच्या हाडाची वाढ वेळेआधी थांबते, शेजारचं हाड वाढत राहतं आणि मनगट कायमचं बिघडतं. कमरेचं दुखणं, विशेषतः एका बाजूला आणि मागे वाकल्यावर वाढणारं, हे मणक्याच्या पातळ कमानीला पडत चाललेल्या चिरेचं लक्षण असू शकतं. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून एक्स-रे ठीक आहे एवढ्यावर समाधान मानू नका, खेळाडूंना तपासणाऱ्या अस्थितज्ज्ञांना एमआरआयबद्दल विचारा. लवकर सापडलेली चीर विश्रांतीने भरून येण्याची शक्यता चांगली असते. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, लंगडणं, मुंग्या येणं यांसाठी एक दिवसही थांबू नका.

मनगटावरचा भार आणि लटकण्याचं काम सरांना आलटून-पालटून ठेवायला सांगा. ब्रिज आणि मागे वाकण्याच्या कसरतींची संख्या कमी करायला सांगा. आठवड्याला एकूण सराव किती, यासाठी बालरोगतज्ज्ञ एक सोपा अंदाज सांगतात: वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास नकोत आणि आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. वरच्या पातळीवर जिम्नॅस्टिक्समध्ये हा आकडा सर्रास ओलांडला जातो, मला माहीत आहे. पण वाढीच्या जोराच्या महिन्यांत तरी तो पाळावा असं माझं ठाम मत आहे.

आणि आता भात. भात बंद करू नका. पोळी-भाकरीही कमी करू नका. तिचं शरीर हाडं बांधतंय, रक्त वाढवतंय आणि वर तीन तास सराव करतंय. या काळात खाणं तोडलं की पाळी लांबते, हाडं कच्ची राहतात, ताणाच्या चिरा पडतात, चिडचिड वाढते आणि ताकद तर मुळीच येत नाही. खेळाडूंमध्ये ऊर्जेची तूट पडली की शरीर काय काय बंद करायला लागतं, यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये तज्ज्ञांचं निवेदन काढलं आणि 2023 मध्ये ते नव्याने मांडलं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायचंच. "जिम्नॅस्ट मुलींचं असंच असतं" हे उत्तर स्वीकारू नका.

शाळा सुटल्यावर सरावाआधी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे: केळं, दही-पोहे, थालीपीठ, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. सरावानंतर घरी पोहोचायला तास लागत असेल तर डब्यात दुसरा खण द्या, उकडलेलं अंडं किंवा पनीर, चणे-गूळ, दुधाची बाटली. साडेनऊला जेवणाच्या वेळी मुलगी पेंगत असते, सगळा भर त्यावर ठेवू नका. नाचणीत 100 ग्रॅमला जवळपास 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तिची भाकरी किंवा आंबील आठवड्यातून काही वेळा होऊ द्या. उसळी रोज. रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि दमलेली मुलगी फ्लिकला घाबरते हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. झोप नऊ तास. क्लास, शाळा, ट्यूशन यांत कापली जाते ती नेहमी झोपच. ट्यूशनचा एखादा वार सोडता आला तर सोडा.

हॉलमध्ये सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करणं सुरू असेल, तर ते थांबवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वजन बघायचंच असेल तर उंचीसोबत, खासगीत, डॉक्टरांकडे.

घरी काय बोलायचं? "आधी तर सहज करायचीस" हे वाक्य कुणीही उच्चारायचं नाही, आजी-आजोबांनीसुद्धा. तिच्यासमोर वरचे आकडे ठेवा. या वयाच्या मुलींना गणित पटतं. "बाळा, होईल सगळं" याने त्यांना धीर येत नाही. फोनवर ती स्वतःचे जुने व्हिडिओ बघत बसते का, तेही हळूच बघा. दहा वर्षांची आपण आणि आजची आपण यांची तुलना रात्री अंथरुणात चालू असते. तिच्याकडून आजच्या हँडस्टँडचा व्हिडिओ काढून घ्या, महिन्याने पुन्हा एक, तुलना या दोन्हींची होऊ दे. क्लासहून परत येताना गाडीवर फ्लिकबद्दल विचारू नका. तिने विषय काढला तर ऐका, सल्ला देऊ नका. लेओटार्डमध्ये तिला अवघडल्यासारखं वाटत असेल, तर सरावाला वरून शॉर्ट्स घालू द्या. जर्मनीच्या मुली 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये घोट्यापर्यंतच्या पोशाखात खेळल्या, नियमांत ते बसतं. पाळीबद्दल आत्ताच बोलून ठेवा आणि किटबॅगेत पॅड आणि कपड्यांची एक जादा जोडी ठेवा.

सरांशी भांडू नका. एकदा हॉलच्या वेळेबाहेर भेटा, उंचीची वही सोबत न्या. दर दीड-दोन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, भिंतीला टेकून उंची घ्यायची आणि दर वेळी त्याच स्टुलावर बसवून, बैठकीपासून डोक्यापर्यंत, बसलेली उंचीही. दोन्हींचा फरक म्हणजे पायांची लांबी. नुसती उभी उंची वाढत असेल तर पाय वाढताहेत, म्हणजे मापं आणि खुणा बदलण्याची वेळ. बहुतेक प्रशिक्षकांना असा कागद हातात मिळाला की बरं वाटतं, कारण दोष कुणाचाच नाही हे दोघांनाही त्यात दिसतं.

निवड चाचणीला जाऊ द्या, पण जे आज पक्कं आहे तेवढ्यानेच. बीमवर फ्लिकच्या जागी सोपी कसरत टाकून, न पडता, कसरतींचा स्वच्छ संच करायचा. काठिण्याचे गुण कमी होतील, कदाचित निवड होणार नाही. बीमवरून एकदा पडलं की पूर्ण एक गुण जातो, त्यामुळे हिशोब तिला वाटतो तितका वाईट नसतो. निवड झाली नाही तर ती रडेल, रडू द्या.

पुढचं विचाराल तर, आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार मुलींना सीनियर गटात यायला 1997 पासून सोळा वर्षांची अट आहे. तुमच्या मुलीला अजून बराच अवधी आहे. दीपा कर्माकर व्हॉल्टमध्ये आशियाई विजेती झाली ती 2024 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. रशियाची स्वेतलाना खोर्किना जिम्नॅस्टसाठी चांगलीच उंच होती. 1996 आणि 2000 अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये तिने अनइव्हन बार्सचं सुवर्ण जिंकलं, आणि तिच्या लांब शरीराला साजेशा नव्या कसरती तिने बसवल्या. उंचीमुळे जिम्नॅस्टिक्स सोडावं लागलेली येलेना इसिन्बायेवा पोल व्हॉल्टकडे वळली आणि 2004 व 2008 ला ऑलिंपिक विजेती झाली. वर्षभराने तुमच्या मुलीला ऱ्हिदमिक, ट्रॅम्पोलिन, मल्लखांब किंवा अगदी वेगळंच काही करावंसं वाटलं तर तोही चांगला निर्णय असेल. फक्त तो या महिन्यांत, रडून आलेल्या रात्री घेऊ देऊ नका. "वाढीचा वेग उतरेपर्यंत थांबू, मग तू म्हणशील ते" एवढं तिला सांगा आणि शब्द पाळा.

या आठवड्यात तीन कामं करा. गुडघा डॉक्टरांना दाखवा. ग्रिप्स आणि व्हॉल्टची खूण तपासून घ्या. आणि रात्रीच्या जेवणात तिच्या ताटात भात पुन्हा वाढा, त्यावर काहीही न बोलता. मनगट किंवा कमरेबद्दल ती काही बोलली, तर तेही याच भेटीत डॉक्टरांना सांगा. मुली ते बहुतेक वेळा लपवतात, म्हणून तुम्हीच आधी विचारा.